बाबांची एकच शीळ

मेक्सिकोच्या डोंगरात माझातेक नावाचे लोक आहेत आणि ते शीळ घालून अख्खी वाक्यं बोलतात, हे मला जवाहरनगरहून घरी येताना बसमध्ये मोबाइलवर कळलं. एका टेकडीवरचा माणूस शिळेतच विचारतो, कुठे चाललास? समोरचा शिळेतच सांगतो. त्यांच्या भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो म्हणे. मला अर्धंच समजलं. पण आमचं गाव करडी येईपर्यंत डोक्यात एकच घोळत होतं: बाबांचा आवाज गेलाय, शीळ कुठे गेलीय?

गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या घशातून नुसती हवा यायची. आई ओठांकडे बघून अंदाज बांधायची आणि हमखास चुकायची. मग बाबा पाठ फिरवून बसत. चाळीशी गाठलेल्या मला त्याचं रडू यायचं.

मी दोघांना अंगणात बसवलं. भूक लागली की अशी शीळ, जवळ बोलवायचं तर तशी. पण आपल्याकडे कुठल्याही सुरात म्हटलं तरी भूक ती भूकच, हे माझ्या लक्षात कुठे आलं होतं? शिवाय बाबांची प्रत्येक शीळ सारखीच निघे, लांब आणि संथ. जन्मभर त्यांनी तेवढी एकच घातली होती, बोडीवर, म्हणजे शेतातल्या तळ्यावर, बैलांनी पोटभर पाणी प्यावं म्हणून.

आईने भुकेच्या शिळेला पाणी आणलं. बोलावण्याच्या शिळेलाही पाणीच. बाबा बिचारे पीत राहिले.

"शिटीबी हेच मारून राहिले अन् पाणीबी हेच पिऊन राहिले," आई म्हणाली.

बाबांचे खांदे हसून हलले. मी आईला म्हटलं, तूही शिळेने उत्तर दे. "बाईमाणसानं शिटी मारू नाही," ती म्हणाली. माझातेकांतही म्हणे बायका सहसा शीळ घालत नाहीत, समजतं मात्र त्यांना सगळं. आईला काय समजत होतं, देव जाणे. मी नाद सोडला.

मग एका सकाळी मी कामावर निघालो असताना खाटेवरून तीच शीळ आली. निदान मला तरी तीच वाटली. आई तांदूळ निवडायचे सोडून रिकाम्या हातांनी बाहेर आली आणि बाबांच्या पायाशी बसली. बाबांनी पाण्याची वाट पाहिली नाही.

"पाणी नाही आणलं?" मी विचारलं.

"पाण्याची नव्हती ते."

"मग काय म्हणाले?"

"तुले कायले सांगू? मले बोलले ते."