चौथऱ्यावरून मारलेली हाक

आमच्या घरात कधी कुणाची दृष्टसुद्धा काढली गेली नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देवांबरोबर भुतांनाही घराबाहेर काढलं, असं बाबा हसत सांगायचे. मी स्वतः सिव्हिल इंजिनीअर, शहापूरला राहते. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव आजवर करमणूक म्हणून वाचत आले... आता माझाच लिहितेय. भीती वाटत नाहीये. खरं तर काहीच वाटत नाहीये.

मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या अलीकडे डाव्या हाताला एक कच्चा रस्ता आत जातो. त्याच्या टोकाला इंग्रजांच्या काळातली एक बंद पडलेली कचेरी आहे. ती दुरुस्त करायची की पाडायची हे ठरायचं होतं, आणि मोजमापं घ्यायचं काम माझ्याकडे आलं. माझा मदतनीस आजारी पडला तेव्हा बाबा म्हणाले, "मी येतो. टेपचं टोक धराया काय डिग्री लागते?"

बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. कसाऱ्याला ट्रॅकवर आयुष्य गेलं. मोठ्यातला मोठा साहेब आला तरी त्याच्या डोळ्यांत बघून बोलणारा माणूस. "मान खाली घालायची ती जेवताना नि वाचताना," हे आम्हा भावंडांना त्यांनी पाठच करून घेतलेलं.

भर दुपार होती. आत एकच लांब हॉल, पण त्याला दारं दोन. साहेबाचं दार पुढे, उंच, रुंद पायऱ्यांचं. लोकांचं दार मागे — इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत येताच येत नाही. पुढच्या टोकाला कमरेएवढा दगडी चौथरा, त्याला लाकडी कठडा. चौथऱ्याच्या पाठीशी मोठी खिडकी, बाकीच्या खिडक्या पार वर. म्हणजे खाली उभ्या माणसाला साहेबाचा चेहरा दिसत नाही, नुसता काळा आकार दिसतो. साहेबाला मात्र खालचा प्रत्येक चेहरा स्वच्छ दिसतो. बांधणाऱ्याने हे विचारपूर्वक केलं होतं. इंजिनीअर म्हणून मला ते आवडलंही.

मी पुढून येऊन चौथऱ्यावर चढले. बाबा टेपचं टोक घेऊन बाहेरून मागे गेले आणि त्या बुटक्या दारातून वाकून आत आले.

आणि सरळ झालेच नाहीत.

"बाबा, कंबर धरली का तुमची?"

त्यांनी चपला काढल्या, पायानेच दाराबाहेर सरकवल्या आणि भिंतीला लागून उभे राहिले. हात जोडलेले, नजर जमिनीवर. हातातून सुटलेली टेप सर्रकन माझ्याकडे परत आली.

मला खाली उतरून त्यांच्याकडे जायचं होतं. गेले नाही. मी दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि म्हणाले — "धाकल्या, तिथंच थांब. बोलावल्याबिगर पुढं यायचं नाय."

आवाज माझाच होता. बाबांना मी जन्मात कधी 'तू' म्हटलेलं नाही.

"जी," बाबा म्हणाले. "सकालपासून हुबा हाय जी."

मग दोघंही तसेच. मला दया आली नाही, लाज वाटली नाही. माणूस सांगितलेल्या जागी उभा आहे, बस्स, एवढंच डोक्यात होतं. बऱ्याच वेळाने रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि बाबांनी मान वर केली.

"काय गो, टेप सुटली वाटतं?" मग पायांकडे बघून, "माझ्या चपला कोनी काढल्या?"

मोजमापं तशीच टाकून आम्ही निघालो. टोकावड्याच्या ढाब्यावर चहा घेताना त्यांनी विचारलं, "आत तू कोनाला हाक मारलीस?"

"धाकल्या म्हणाले मी. का, ते मला माहीत नाही."

त्यांनी चहाचा ग्लास हातात फिरवला. "धाकल्या माझा आजा. ह्ये नाव मी एकदाच ऐकलंय, माझ्या बापाच्या तोंडून. तुमा पोरांना कधी सांगितलं नाय."

"का?"

"त्याला कचेरीत बोलावलं होतं. परत आला तो कोनाशी बोललाच नाय, मरेपर्यंत. बापानं एवढंच सांगितलं."

"हीच कचेरी?"

"कोन विचाराया गेलंय," बाबा म्हणाले आणि ग्लास खाली ठेवला.

पुढे ते काम माझ्या एका सहकाऱ्याने पूर्ण केलं. तो दोन्ही दारांतून दहादा आला-गेला, त्याला काही झालं नाही. बाबांच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. एक डॉक्टर मैत्रीण म्हणते, ते नाव लहानपणी तुझ्या कानावर पडलं असेल. असेलही. पण माझ्या तोंडून निघालेल्या त्या 'थांब'चं काय, हे तिलाही सांगता येत नाही... मलाही नाही.

बाबा अजूनही अधूनमधून खर्डीहून माझ्याकडे येतात. पूर्वीसारखेच हसतात, नातीशी खेळतात. फक्त मी खुर्चीत बसलेली असले, तर ते दाराशीच उभे राहतात. त्यांच्या हे लक्षातही येत नाही.

मी "बसा ना बाबा" म्हणते. मग ते बसतात.