आकाशपाळण्यासमोरचं बाक

पुतण्या पुढच्या महिन्यात बायको-मुलांना घेऊन मुंबईजवळच्या एका मोठ्या मनोरंजन उद्यानात जाणार आहे. परवा तो आला आणि म्हणाला, "नाना, तुम्ही त्या काळात गेला होतात ना. आखणी कशी करायची, जरा सांगा." त्याच्या फोनमध्ये त्या उद्यानाचा नकाशा आहे, कुठे किती रांग आहे हेही त्याला घरबसल्या दिसतं. तरी तो मला विचारतो. माझी बायको गेल्यापासून, म्हणजे गेले चार महिने, घरातलं प्रत्येक माणूस मला काहीतरी विचारत असतं. कपाटाची किल्ली कुठली, एकादशी कधी, धण्याची पूड कुठे ठेवली आहे. धण्याच्या पुडीचं उत्तर मला येत नाही. उद्यानाचं येतं, म्हणून सावकाश लिहून देतो आहे.

पहिली सूचना अशी की, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारायला जाऊ नये. कळवावं, तेही जमल्यास परत आल्यावर.

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी जळगावला एका शाळेत शिक्षक होतो. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात. रविवारच्या वर्तमानपत्रात त्या उद्यानाचा फोटो आला होता. पुढे खाडी, मागे आकाशपाळणा, आणि पाळण्यात बसलेली माणसं ज्वारीच्या दाण्याएवढी. बायकोनं तो कागद डब्यात घालायला घेतला होता, तो तिनं घातला नाही. तिचं माहेर धुळ्याचं. लहानपणी जत्रेतल्या लाकडी पाळण्यात ती दर वर्षी बसायची. पाळणा हातानं फिरवणाऱ्या माणसाला ती 'अजून एक फेरा, मामा' म्हणायची आणि तो एकाऐवजी तीन द्यायचा, हे तिनं मला लग्नानंतर दोनदा सांगितलं होतं. लग्नानंतर ते बंद झालं. बंद कर असं कोणी म्हणालं नव्हतं. आमच्याकडे जत्रेला जायचं ते सगळ्या घरानं मिळून, आणि सासरे खाली उभे असताना सून डोक्यावरचा पदर उडवत त्यांच्या वरून फिरते आहे, हे कोणाच्या कल्पनेतही नव्हतं.

"याच्यात मला बसायचं आहे," फोटोकडे बघत ती म्हणाली. अकरा वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला हे एवढंच आठवतं. मी म्हणालो, बसू. आणि आखणीला लागलो.

इतक्या लांब जायचं तर आबांच्या कानावर घालायला हवं, म्हणून मी भडगावजवळच्या आमच्या गावी गेलो. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून कापसाच्या वाती वळत होते. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी सगळं सांगितलं. ते वात वळत राहिले.

"बठ्ठा जाई राहिनात?"

"हो आबा, चौघंही."

"मंग मी काय घर राखू?" ते म्हणाले. "कोनती गाडी शे?"

जळगावला परत येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळी लाटत होती. "बरं झालं," ती म्हणाली, "एकटे काय करणार तिथे." पोळी उलटली आणि म्हणाली, "मग दशम्या जास्त घेते." पाळण्याचं नाव तिनं काढलं नाही. मीच काढलं. म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी वेळापत्रक करतो.

आमच्या शाळेचं वेळापत्रक मी करत असे आणि त्याबद्दल तालुक्यात माझं नाव होतं. त्यात शास्त्र एवढंच असतं की, एकच मास्तर एका तासाला दोन वर्गांत पडता कामा नये. इथे उलटं होतं. दोन माणसं एका वेळी एका पाळण्यापाशी पडता कामा नयेत. मी फूलस्केप कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या. अकरा ते बारा, आबा आणि मी छोट्या आगगाडीतून बागेची फेरी मारणार. त्याच वेळी ती आणि मुलं पाळण्यात. बारा ते एक, सगळे मिळून जेवण. एक ते दोन, आबांची विश्रांती, तीही पाण्याच्या बाजूला, पाळणा दिसणार नाही अशा ठिकाणी. कागद तिला दाखवला. तिनं पदराला हात पुसून तो दोन्ही हातांनी धरला आणि नीट वाचला. "छान केलंत," म्हणाली. माझ्या आखणीवर तिचा विश्वास होता. हे वाक्य लिहायला मला आज सोपं जात नाही.

दुसरी सूचना. वेळापत्रक करावं, पण त्यात माणसं घालू नयेत.

बोटीनं खाडी ओलांडून आम्ही आत शिरलो तेव्हा अकरा वाजायला पाच मिनिटं होती. मी मनात स्वतःला शाबासकी दिली. फाटकापासून थोड्या अंतरावर एक मोठं झाड होतं, त्याच्या सावलीत पाठ टेकायला दांडी नसलेलं एक लांब सिमेंटचं बाक होतं, आणि बाकाच्या बरोबर समोर आकाशपाळणा. आबांनी बाक पाहिलं, काठी टेकली आणि बसले.

"आबा, आपल्याला आगगाडीत बसायचं आहे."

"गाडीमाच बशीसन उनू ना रात्र काढी," आबा म्हणाले. "आते पुरं. तुम्ही फिरा. मी आठे बसस."

पहिल्याच तासाला वेळापत्रक मोडलं. शाळेत असं झालं की मी दुसऱ्या मास्तरला पाठवत असे. इथे दुसरा मास्तर नव्हता. बायको पिशव्या घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून, आबांकडे अर्धी पाठ करून. मी तिला हळूच म्हणालो, "थोडा वेळ थांब. आबा उठले की जा." ती म्हणाली, "मुलांना घेऊन जा तुम्ही. त्यांचा वेळ कशाला घालवता." मला ते पटलं. मुलांना घेऊन मी निघालो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, पुतण्याच्या बायकोला ती माहीत असण्याचं कारण नाही. माझी बायको आणि आबा एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं. आमच्या घरात सून सासऱ्यांशी बोलायची ती मुलांच्या तोंडून. "आबांना विचार, ताक हवं का." आबा चार हातांवर बसलेले असायचे, त्यांना सगळं ऐकू जायचं, तरी नात निरोप घेऊन जायची आणि आबा म्हणायचे, "तुनी मायले सांग, अर्धाच पेला." मुलं बोलायला लागल्यापासून असं उत्तम चाललं होतं. आणि त्या दिवशी निरोप नेणारी दोन्ही माणसं मी माझ्याबरोबर घेऊन गेलो होतो.

बारा वाजता आम्ही आलो. दोघं होती तशीच होती. दशम्या, लसणाची चटणी आणि कांदा असं जेवण झालं. आबांना म्हटलं, "चला आता, पाण्याकडे जाऊ, गार वाटेल." आबा म्हणाले, "आठे काय गरम व्हई राहिनं का?" मी बायकोकडे बघितलं. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, राहू द्या. मी पुन्हा मुलांना घेऊन गेलो. मुलं घसरगुंडीवरून पाण्यात पडत होती आणि मी काठावर उभा राहून कागदावरच्या चौकटी खोडून नव्या करत होतो. दोन वाजता जाऊन बघितलं, तीच स्थिती. तीन वाजता तर आबांनी जरा वैतागल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कंटाळले असतील. पण कंटाळलेला माणूस उठतो, हे तेव्हा सुचलं नाही. मी पुस्तकं पुष्कळ वाचली आहेत.

परतीची बोट गाठायला सहाच्या आत निघायचं होतं. पाच वाजता मुलं थकून बाकापाशी आली आणि पाळण्यासमोरची रांग जवळजवळ संपली होती. माझा धीर सुटला. मी वर्गात बोलत असे त्या आवाजात म्हणालो, "आबा, एवढ्या लांब आलात आणि सगळा दिवस एका बाकावर काढलात."

आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मंग काय करू?" ते म्हणाले. "तू तं पोरेस्ले लिसन फिरी राहिना. परका मुलूख, बाईमाणूस एकलं. तिले टाकी मी कोठे जाऊ? ती उठत नही म्हणीसन मी उठत नही. कंबर मोडी गई मनी."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिनं मुलीला जवळ ओढलं. मग पदराआडून ती तिला म्हणाली, "आबांना सांग, मी आबांसाठी थांबले होते. त्यांना एकटं कसं सोडायचं."

मुलीनं निरोप दिला. आबांनी तो पुन्हा सगळा ऐकून घेतला.

"तिले कोठे जानं व्हतं?"

मुलीनं बोट वर केलं. आबांनी मान मागे टाकून पाळण्याकडे बघितलं. सकाळपासून तो त्यांच्या डोळ्यांपुढे फिरत होता; पण त्यात आपल्या घरातलं कोणी बसू शकतं, या दृष्टीनं त्यांनी तो आता पहिल्यांदा बघितला असावा. मग ते उठले, काठी टेकत बाकाला वळसा घातला आणि पलीकडच्या बाजूनं, पाळण्याकडे पाठ करून बसले. तिथे समोर एक भिंत होती आणि भिंतीला पाण्याचा नळ.

"जाय म्हना तिले," नळाकडे बघत ते म्हणाले. "मी काही वळत नही."

मुलं तिच्याबरोबर निघाली, तर तिनं त्यांना माझ्याकडे ढकललं. एकटीच गेली. रांगेत तिच्या पुढे तीनच माणसं होती. मी पिशव्यांपाशी उभा राहिलो.

"बसनी का?" आबांनी विचारलं.

"बसली."

"वर गई का?"

"जातेय."

पाळणा वेग घेऊ लागला. तिचा पदर डोक्यावरून गेला आणि मागे फडफडायला लागला. हे मी आबांना सांगितलं नाही.

"भ्यानी का?"

"नाही आबा. हसतेय."

आबांनी मान हलवली. भिंतीकडे बघूनच त्यांनी काठीची मूठ दोनदा थोपटली.

ती खाली आली, लोखंडी कठड्याशी थांबून तिनं पदर नीट घेतला आणि आमच्यापाशी आली. चेहरा लाल झाला होता. मुलीला म्हणाली, "आबांना सांग, झालं. निघू आता."

मुलगी तोंड उघडणार तेवढ्यात आबा म्हणाले, "आयकं मी." आणि पिशवी उचलायला वाकले. तिनं ती त्यांच्या हातून काढून घेतली.

बोटीत मी तिला विचारलं, वरून काय दिसलं. ती म्हणाली, "खाडी. आणि आबांची पाठ." त्यापुढे आम्ही दशम्या किती उरल्या याविषयी बोललो. पुढे आबा पुष्कळ वर्षं जगले आणि त्या दोघांमधले निरोप पूर्वीसारखेच मुलांमार्फत चालू राहिले. आबांच्या शेवटच्या आजारात ती त्यांच्याशी बोलली असेल तर मी तेव्हा खोलीत नव्हतो.

एक गोष्ट मात्र पुतण्याला सांगायची नाही, ती या वेगळ्या कागदावर लिहून माझ्यापाशी ठेवतो. पाळणा बराच उंच होता. खाली उभ्या माणसाला वर फक्त कपड्यांचे रंग कळत होते, तिची निळी साडी आणि तिचा फडफडणारा पदर एवढंच मला दिसत होतं. ती हसते आहे, हे मी आबांना माझ्या मनानंच सांगितलं. नंतर तिला विचारून खात्री करून घ्यायला माझ्याकडे तीस वर्षं होती.