धावड्याला ठेवलेले नाव

छोट्या रुळाच्या गाडीतून जालन्याला उतरलो तेव्हा सकाळचे ऊन फलाटाच्या अर्ध्यापर्यंत आले होते. हैदराबादेहून आदल्या दुपारी निघालो होतो. परतूर मागे पडले आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना शाळू ज्वारीची उभी शेते लागली. हुरड्यात आलेल्या कणसांचा ओलसर गोड वास डब्यात शिरला, तेव्हाच मी आपल्या मुलखात आलो असे वाटले. महायुद्धाची ती वर्षे होती. स्टेशनाबाहेर टांगे पुष्कळ आणि मोटारी थोड्या. भोकरदनच्या बाजूला जाणारी एकच मोटार उभी होती.

मी मूळचा अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीचा. तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवीधर झालेला आमच्या घराण्यातला पहिलाच. हे मी अभिमानाने लिहितो, पण तो अभिमान माझ्या एकट्याचा नाही. वडिलांनी मला औतामागून काढून शाळेत घातले. अंबडच्या शाळेतल्या मास्तरांनी चार वर्षे आपल्या पडवीत झोपू दिले आणि कंदिलाची काच रोज स्वतः पुसून दिली. त्यांच्या त्या पुसलेल्या काचेतूनच मी पुढची सारी पुस्तके वाचली असे मला वाटते.

माझे नाव कोंडिबा. माझ्या आधीची तीन भावंडे पाळण्यातच गेली. म्हणून माझ्या वेळी आमच्याकडचा जुना रिवाज केला. बाराव्या दिवशी मला सुपात घालून उंबऱ्याबाहेर एका परक्या बाईच्या हाती दिले आणि सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घेतले. मूल आता आईचे राहिले नाही, कोंड्याच्या मोलाचे झाले. मरणाने अशा वस्तूकडे कशाला पाहावे? कोंडिबा हे नाव त्यातून आले. पण रिवाज इथे संपत नाही. मूल हातात देताना आई त्याचे खरे नाव त्या बाईच्या कानात सांगते. ते नाव कुणी उच्चारायचे नाही. मूल मोठे झाले, की त्याने स्वतः जाऊन ते मागून घ्यायचे.

मला सुपात घेणारी बाई म्हाळसाआई. ती भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची, मेंढपाळ धनगरांच्या घरची. हिवाळ्यात ती माणसे मेंढरे घेऊन गोदावरीकाठाकडे उतरत आणि त्या वर्षी त्यांची वाघर (मेंढरांभोवती लावायचे जाळे) आमच्याच शेतात होती. माझी आई मी तीन वर्षांचा असताना तापाने गेली. तेव्हा आईने मला दिलेले नाव जगात एकाच ठिकाणी उरले होते, आणि ते आणायला मी निघालो होतो.

इतकी वर्षे गेलो नव्हतो. पण शहरातल्या मराठी वाचनालयाच्या वार्षिक सभेत निबंध वाचण्याचा मान मला मिळाला होता. विषय माझाच होता: माणूस ज्याला ‘मी’ म्हणतो तो कोण, आणि कथा-कादंबऱ्या त्याला कुठे शोधतात. सभेची पत्रके छापायची होती. वसतिगृहात माझ्या नावावरून पुष्कळ हसणे झालेले होते. मित्र विचारत, काय रे, आज चाळून आलास का? मी मनात म्हणे, हसा. हे माझे नाव नव्हेच. पत्रकावर खरे नाव छापता यावे म्हणून वाचनालयाकडून मी दहा दिवसांची मुदत मागून घेतली.

माझ्या प्राध्यापकांना मात्र सगळे सांगितले. त्यांनी व्हिएन्नाच्या मनोवैद्यांचे ग्रंथ वाचले होते. ते म्हणाले की लहानपणी पुष्कळ जण मनात एक गोष्ट रचतात: आपण या आईबापांचे नव्हे, कुणा थोरामोठ्यांचे आहोत, चुकून इथे आलो. कितीतरी कादंबऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत. मग हसून म्हणाले, “तुमच्या गोष्टीला गावाचा पत्ता आहे, एवढाच फरक.” त्यांचे ते हसणे मला थोडे लागले, कारण ते खरे होते. माझे खरे नाव भारदस्त असणार याबद्दल मला कधी शंकाच आली नव्हती.

मोटार कोळशाच्या धुरावर चालणारी होती. मागे भट्टीचे पिंप, आणि ती पेटती ठेवायला हाताने फिरवायचा एक पंखा. तीनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा ड्रायव्हरने सगळ्यांना खाली उतरवले आणि मी बी.ए. आहे हे कुणाकडून तरी ऐकून पंखा मोठ्या अदबीने माझ्या हाती दिला. “प्रोफेसर साब, जरा जल्दी घुमाओ,” तो म्हणाला. मी घुमवला. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर काजळी बसत गेली. बांधावर बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “येवढं शिकून बी शेवटी भाताच फुकायचा, मंग आपलं पोरगं काय वाईट हाय?” सगळे हसले. मीही हसलो, आणि गाडी सुरू झाली.

हसनाबादला मोटारीने मला सोडले. पुढच्या बैलगाडीची वाट पाहत एका शेतकऱ्याच्या आखाड्यावर (शेतातल्या राहत्या जागेवर) बसलो. त्यांनी न विचारता गोवऱ्यांच्या आरावर कणसे भाजली, हातावर चोळून हुरडा पुढे ठेवला, सोबत लसणाची चटणी आणि दही. खाता खाता त्यांनी मी काय शिकलो ते विचारले. मी म्हणालो, मनाचा अभ्यास केला.

“मन म्हंजे? कोनाचं?”

“आपलंच.”

त्यांनी थोडा विचार केला. “आपलंच शिकायला हैदराबादला जावं लागतं व्हय?”

मी हुरड्याची आणखी एक मूठ तोंडात टाकली. त्याचे पुरते उत्तर मी अजून शोधतो आहे.

रात्र भोकरदनला काढून दुसऱ्या दिवशी धावड्याकडे निघालो. काही वाट गाडीने, काही पायी. जसजसे उत्तरेकडे जावे तसतशी जमीन चढू लागते, काळी माती मुरमाड होते, आणि अजिंठ्याच्या डोंगराची निळी कड शेतांच्या वर उभी राहते. गोदाकाठच्या सपाट रानात वाढलेल्या मला डोंगराची सवय नाही. मला सारखे वाटत होते की कुणीतरी उभे राहून माझ्याकडे पाहत आहे.

धावड्यात म्हाळसाआईचे घर विचारावे लागले नाही. तिचा मुलगा राणबा वेशीपाशीच भेटला. मी येणार असल्याचा निरोप चार दिवसांपूर्वी पोचला होता. त्या घरी आता मेंढरे थोडीच उरली होती. राणबा शेती करीत होता. म्हाळसाआई अंगणात घोंगडीवर बसून चातीवर (लोकर कातायच्या फिरकीवर) सूत काढत होती. किती लहानखुरी होती ती. माझा चेहरा तिने दोन्ही हातांनी चाचपला आणि सदऱ्यावरची काजळी पाहून म्हणाली, “बी.ए. झाला का कोळसे पाडून राह्यला?” मग तिने मला भाकरी, अंबाडीची भाजी आणि वाटीभर मेंढीचे दूध दिले आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत माझ्याकडे पाहत बसली.

जेवण झाल्यावर मी तिच्या पाया पडून नाव मागितले. रिवाजाप्रमाणे अंगणातली माणसे उठून दूर गेली. म्हाळसाआईने चाती हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली.

“इसरले रे बापा,” ती म्हणाली.

चोवीस वर्षे ओठावर येऊ द्यायचे नाही असे एक नाव. न उच्चारलेले नाव झिजून जाणारच, असे मला वाटले. आईची माझ्याजवळ दुसरी काहीच खूण नव्हती. तिचा चेहराही आठवत नाही. पण त्याच क्षणी माझ्यातला विद्यार्थी जागा झाला. विसरलेली नावे परत कशी आणावी यावर व्हिएन्नाच्या त्या मनोवैद्यांनी लिहिले आहे. ताण देऊन आठवायचे नाही. मनात जे येईल ते, क्षुल्लक असले तरी, न गाळता बोलत जायचे, आणि ऐकणाऱ्याने मागे, नजरेआड बसायचे. मी म्हाळसाआईला म्हणालो, “नाव सोड. त्या दिवसाचं जे मनात येईल ते सांग.” आणि तिच्या पाठीमागे भिंतीला टेकून बसलो.

“पाठीमागं काहून बसला? म्या काय पळून चालले का?” ती म्हणाली. पण सांगू लागली. चाती फिरत होती आणि ती बोलत होती. त्या वर्षीच्या थंडीबद्दल बोलली. आमच्या विहिरीचे पाणी जड होते त्याबद्दल बोलली. माझ्या वडिलांनी वाघरीला जागा दिली पण कडब्याची एक पेंढी दिली नाही, हेही तिने चोवीस वर्षांनी बोलून घेतले. मग ती एका मेंढीवर आली. त्याच दिवशी एक मेंढी व्याली होती.

“तिची आधीची दोन मेल्ती. तिसरं झालं तर ती हुंगायलाच तयार न्हाई. तोंड फिरवून उभी. तिला समजत व्हतं ना, हुंगलं की जीव लागतो.”

चाती थांबली. मी पुस्तकातले नियम विसरून पुढे येऊन तिच्यासमोर बसलो आणि विचारले, “आणि माझ्या आईनं?”

म्हाळसाआईने पदर डोळ्यांना लावला नाही. सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुपल्या मायनं नाव सांगितलंच न्हाई. मपल्या कानाला तोंड लावलं अन् नुसता श्वास घेऊन राह्यली. तिघांना नावं ठेवून बसली व्हती ती. चौथं ठेवायची हिंमत व्हईना.”

“मग तू सगळ्यांना...”

“म्या मान डोलावली. सांगितलं म्हनून. न्हाई तर भवतालच्या बाया म्हनल्या असत्या, पोटच्याला नाव न्हाई दिलं, कसली माय ही. तवापासून डोलावतेच हाय.”

मी येणार हा निरोप आल्यापासून तिला चैन नव्हते. राणबाने सुचवले होते की एखादे चांगले नाव सांगून टाक, शिकलेला माणूस आहे, राजाराम म्हण, खूश होऊन जाईल. “पन ते जमंना,” ती म्हणाली. “मरनाला फसवलं, बायांना फसवलं. तुला कसं फसवू?” म्हणून तिने विसरल्याचे सांगितले होते.

मग तिने माझे मनगट धरले आणि राहिलेले सांगितले.

“पन एक ऐक. ती सूप सोडंना. म्या घ्यायला हात लावला, तर दोन्ही हातांनी धरून बसली. म्या ओढते, ती सोडत न्हाई. शेवटी बायांनी एकेक बोट सोडवलं. तू रडून रडून निळा पडल्ता. मंग म्या तुला हाक मारली, कोंड्या म्हनून. तू गप झाला अन् मपल्याकडं बघितलं.”

त्या दिवशी संध्याकाळी मी डोंगराच्या बाजूला एकटाच फिरून आलो. माझ्या निबंधात मी लिहिले होते की खरा ‘मी’ जमिनीत पुरलेल्या हंड्यासारखा आत कुठेतरी असतो आणि साहित्य त्याला उकरून काढते. माझा हंडा मी उकरला होता. आत नाव नव्हते. पण तो रिकामा होता असेही मी म्हणणार नाही, कारण त्यात एका बाईची न सुटणारी बोटे होती, दुसऱ्या बाईचे चोवीस वर्षांचे मौन होते, आणि एक हाक होती. आईला मी नकोसा होतो म्हणून तिने नाव दिले नाही, असे कुणी म्हणेल. मला ते क्षणभरही वाटले नाही. नाव द्यायला ती घाबरली. सूप सोडायलाही घाबरली.

दुसऱ्या दिवशी निघताना राणबाने माझ्या खांद्यावर नवी घोंगडी टाकली. तो ओशाळला होता. मी म्हणालो, राजाराम वाईट नव्हते. तो म्हणाला, “मपल्या मनात दुसरं बी एक व्हतं, पन आईनं ते बी ऐकलं न्हाई.” म्हाळसाआई हसली. मी आज्ञा मागितली तेव्हा तिने विचारले, मग आता काय नाव लावणार? मी म्हणालो, तू हाक मारलेले. तिने नुसती मान डोलावली. या वेळी ते खरे होते.

परतीच्या प्रवासात जालन्यापर्यंत मोटार एकदाही बंद पडली नाही. हैदराबादला पोचल्यावर प्राध्यापकांना सारे सांगितले. ते म्हणाले की व्हिएन्नाच्या पद्धतीत ऐकणारा कधी उठून पुढे येऊन बसत नाही. तुम्ही चूक केलीत. आणि लगेच म्हणाले, “बरे केलेत.”

निबंधाची अर्धी पाने मी पुन्हा लिहिली. माणूस स्वतःला आत खणून सापडत नाही, कुणीतरी हाक मारते आणि तो वळून पाहतो, तेव्हा त्याची सुरुवात होते, असे त्यात आले. आपल्या कथांतली हरवलेली मुले शेवटी थोर घराण्यातली निघतात. मी लिहिले की त्यांना उचलून घेऊन प्रथम ज्याने हाक मारली त्या मेंढपाळाबद्दल लेखक फार थोडे लिहितात.

सभेच्या दिवशी दिवाणखाना भरला होता. मागच्या रांगेत वसतिगृहातले मित्र होते. अध्यक्षांनी पत्रक हातात घेतले, नावापाशी थोडे अडखळले, माझे दुसरे काही नाव असावे अशा अपेक्षेने माझ्याकडे पाहिले. मी तसाच बसून राहिलो. मग त्यांनी ते नाव स्वच्छ, मोठ्याने, पुरते उच्चारले, आणि मी मान वर करून उभा राहिलो.