दिवसभर घरी असते

आम्ही गाव सोडलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं, लग्नाला चाललोय. सुमन, तुलाही तेच सांगितलं होतं. तू स्टँडवर भेटलीस, कुणाचं लग्न म्हणून विचारलंस, आणि मी नवऱ्याच्या आत्याच्या मुलाचं लग्न तिथल्या तिथे लावून मोकळी झाले. आईची सक्त ताकीद होती. "झाल्यावर सांगायचं. आधी बोललं की होत नाही," हे ती मला लहानपणापासून ऐकवत आलेली. म्हशीचा सौदा असो, मुलगी बघायला पाहुणे यायचे असोत, आमच्या घरात कुणालाही ताकास तूर लागू द्यायची नाही. कल्याणच्या एसटीत पत्र्याच्या दोन पेट्या, शेगडी आणि गादीची वळकटी चढवताना कंडक्टरने विचारलं, तेव्हाही मी म्हटलं, लग्नाला. तो हसला. गादी घेऊन कोण बाई लग्नाला जातं?

तनूला मात्र मी लग्नाचंही सांगितलं नाही. ती तेव्हा पाच वर्षांची. भिवंडीत राहायची सोय काय, दिवसभर पोरीला बघणार कोण, काहीच माहीत नव्हतं, म्हणून तिला माझ्या आईकडे ठेवायचं ठरलेलं. निघताना रडारड नको म्हणून मी तिला म्हटलं, बाजारला जाऊन येते, संध्याकाळी खाऊ आणते. ती ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. बरं म्हणाली. माळशेजचा घाट उतरेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. लोकांना मारलेल्या थापांचं मला कधी काही वाटलं नाही, पण त्या एका थापेचं अजून वाटतं.

तू परवा फोनवर विचारलंस, तिकडे घरबसल्या काही जमतं का, ते नेटवर्किंग म्हणतात ते खरं असतं का, की नुसती फसवाफसवी. आम्ही यावं का, हेही विचारलंस. तुझ्याशी एकदा खोटं बोललेय, म्हणून आता सगळं सांगते.

भिवंडीतल्या टेमघरला आम्हाला एक खोली मिळाली. मालकीणकाकी इथल्याच, मूळच्या जवळच्या कोन गावच्या. तनूचे पप्पा गोडाऊनमध्ये लोडिंगला लागले आणि दोन महिन्यांत मीही दुसऱ्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागले. सकाळी साडेसातला कंपनीची गाडी यायची आणि संध्याकाळी सात वाजता परत सोडायची. आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. पिशवी उलटी करायची, डबा उघडून दाखवायचा, केसांचा अंबाडासुद्धा चाचपून बघायच्या त्या बाया. पहिले आठ दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर सवय झाली, आणि सवय झाली म्हणजे काय, तर मीही सगळ्यांकडे त्याच नजरेने बघायला लागले. गावात आमच्या दाराला कडी असायची, इथे मी कुलूप लावून ते तीनदा ओढून बघायचे. बाजूच्या खोलीतली बाई साखर मागायला आली तर वाटायचं, ही आत काय काय आहे ते बघायला आली.

दोन वर्षं अशीच गेली. मग गोधडीचं सुरू झालं ते कापडामुळे. भिवंडीत कापडाला काय तोटा? लूममधून निघालेले तुकडे, कट-पीस, रस्त्यावर ढिगाने विकायला असतात. त्यातलं मऊ मऊ कापड बघून माझे हात शिवशिवायला लागले. पॅकिंगमधल्या एका बाईला नातू झाला, तिला मी गोधडीच्या टाक्याचं एक दुपटं शिवून दिलं. ते बघून दुसरीने मागितलं, मग तिसरीने. तेव्हा डोक्यात आलं, हे जर नीट चाललं तर ड्युटी सोडता येईल. ड्युटी सोडली तर मी घरी. मी घरी असले तर तनू माझ्याजवळ. पुढच्या जूनच्या आत तिला आणायचंच, इथल्या शाळेत घालायचंच, एवढं मी मनाशी धरलं. अर्थात कुणालाही सांगितलं नाही.

पण वेळ कुठून आणायचा? पहाटे पाणी यायचं, ते भरून झालं की गाडी येईपर्यंत तासभर मिळायचा. संध्याकाळी भाकरी झाल्यावर थोडा. रविवार सुट्टीचा. आपल्याकडे गोधडीला चारी बाजूंनी चार बाया बसतात, गप्पा मारत मारत कडेने शिवत आत येतात, दोन दुपारींत गोधडी उभी राहते. इथे चारी बाजूंना मीच. जेवणाच्या सुट्टीत चार टाके घालावेत म्हणून एकदा सुईदोरा नेला, तर गेटवरच काढून घेतला आणि वर माझंच नाव लिहून घेतलं.

अशात प्रज्ञा मॅडम भेटल्या. त्यांचं पार्लर आहे, आणि दर रविवारी सकाळी एका क्लासच्या हॉलमध्ये त्या घरून धंदा करणाऱ्या बायकांची मीटिंग घेतात. इतक्या गोड बोलल्या की माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. म्हटलं, आता ही साबण नाहीतर पावडरी गळ्यात मारणार आणि आणखी दहा जणींना आण म्हणणार. तरी गेले, मागच्या बाकावर दाराजवळ बसले, पर्स मांडीवर घट्ट धरून. साबण काही कुणी काढला नाही. प्रत्येकीने उठून एक मिनिट बोलायचं, मी अमुक करते, अमुक ठिकाणी राहते, मला अशी अशी गिऱ्हाइकं हवीत. मग दुसऱ्या बायका आपल्या ओळखीतली नावं द्यायच्या. एकजण तर म्हणाली, दिवाळीच्या फराळाच्या एवढ्या ऑर्डरी आल्यात की हात पुरत नाहीत. मला तिची काळजीच वाटली. अगं, भरल्या सभेत असं कुणी सांगतं का? दृष्ट लागली म्हणजे?

माझी पाळी आली तेव्हा मी उठून म्हटलं, थोडंफार शिवते, असंच. आणि बसले. एका मिनिटातले पन्नास सेकंद तरी शिल्लक राहिले असतील.

मग एक फॉर्म दिला, काम देणाऱ्या बायकांना बघायला. पत्ता काय? महिन्याला किती माल बनवता? धंद्याला किती वेळ देता? घरी कधी भेटाल?  यांना कशाला हव्यात या चौकशा? दिवसभर खोलीला कुलूप असतं असं लिहिलं तर चोराला निमंत्रणच. म्हणून लिहिलं, दिवसभर घरी असते. आणि मी महिन्याला सात-आठ दुपटी करत होते, ते सांगितलं तर कुणाच्या तरी डोळ्यांत येणार, नाहीतर कुणीतरी माझं बघून तेच सुरू करणार. म्हणून लिहिलं, दोन. फॉर्म देऊन आले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

त्या मीटिंगला राबियाआपा यायच्या. निजामपुऱ्यातलं जुनं घर, खाली घरचेच लूम, आणि त्या स्वतः मुंबईच्या दुकानांना कापडी माल पुरवतात. कमी बोलणार, पण बोलल्या की फक्त प्रश्न. कापड कुठून घेतेस, दोरा कुठला, सोबत कोण असतं, घर नेमकं कुठे. मी हो-नाही करत उडवून लावलं. एवढं खोदून खोदून विचारणारं माणूस माझ्या आईने उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

चार-पाच महिन्यांनी एका संध्याकाळी ड्युटीवरून आले तर मालकीणकाकी दाराशीच उभ्या. म्हणाल्या, "बुरखेवाली एक बाई तीनदा येऊन गेली. तू कवा येतेस, कवा जातेस, सगला इचारला. मी बोलली, मना काय म्हाईत न्हाय."  वर्णनावरून त्या राबियाआपाच होत्या. दुसऱ्या दिवशी मी दाराला आणखी एक कुलूप आणलं.

पुढच्या रविवारी मीटिंगमध्ये राबियाआपा उठल्या आणि त्यांनी कल्याण रोडच्या एका बाईचे सगळ्यांसमोर आभार मानले. मुंबईच्या एका मोठ्या दुकानाला लहान बाळांची दुपटी हवी होती, दर महिन्याला हवी होती, आणि ते काम या बाईने घेतलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण माझं अंग पेटलं होतं. डोळ्यांसमोर नुसती तनू. मार्च चालू होता, आणि ही ऑर्डर मला मिळाली असती तर मी त्याच दिवशी ड्युटीला रामराम ठोकला असता.

बाहेर चपला घालताना मी त्यांना गाठलं आणि जरा फणकाऱ्यानेच विचारलं की दुपटी तर मीही शिवते, मग मला का नाही विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तीन दफा आले मी. तिन्ही दफा कुलूप. तू तर लिहिलंयस दिवसभर घरी असते. आता कागद झूठ बोलतो की कुलूप? आणि दिवसभर घरी बसून महिन्याला दोन दुपटी करणाऱ्या बाईला मी काम कशाला देऊ?"

तोंडात मारल्यासारखं झालं. चोराला चकवायला लिहिलेलं, त्यात मीच अडकले. घरी येईपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. घरात कोण आहे नाही ते बघायला येतात म्हणजे काय! मग भाकरी थापताना शिव्या संपल्या आणि रडू आलं. तनूच्या पप्पांनी विचारलं काय झालं, तर त्यांना म्हटलं, कांदा. बघ, तिथेसुद्धा खोटंच.

मग मी एक केलं, जे आमच्या घरात आजवर कुणी केलं नव्हतं. एक दिवसाची रजा टाकली आणि निजामपुऱ्यात गेले. गल्लीत लूमचा एवढा खडखडाट की पत्ता ओरडून विचारावा लागला. राबियाआपांनी वर बोलावलं, पाणी दिलं, आणि मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. ड्युटी किती ते किती, घराला कुलूप का, दुपटी खरी किती होतात, कधी शिवते. आणि पोरगी गावाला आहे, जूनच्या आत तिला आणायचंय, हेही. होण्याआधी सांगितलं. सांगताना आईचा चेहरा समोर दिसत होता.

तुला वाटेल, त्यांनी मला जवळ घेतलं असेल. कसलं काय! त्या म्हणाल्या, कहाणी ऐकली, आता माल दाखव. मी नेलेलं दुपटं त्यांनी पहिल्यांदा उलटं केलं आणि पाठीमागचा टाका नखाने ओढून ओढून पाहिला. बराच वेळ.

"भरोसा माझा अजून बसला नाही," त्या म्हणाल्या. "पाच करून दे. मी न सांगता बघायला येणार."

मीही म्हटलं, माझाही बसलेला नाही, कापड माझ्यासमोर मोजून द्यायचं. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

कल्याण रोडच्या बाईचं काम त्यांनी काढून घेतलं नाही, आणि मी ते मागितलंही नाही. पण ती एकटी पुरी पडेना, तेव्हा निम्मं माझ्याकडे आलं. राबियाआपा खरंच न सांगता यायच्या, कधी रविवारी, कधी संध्याकाळी, आणि आल्या की आधी माल उलटा करायच्या. मीही त्यांचं कापड दोनदा मोजायचे. त्यांच्या ओळखीने आणखी दोन दुकानं लागली. मे महिन्यात मी ड्युटी सोडली, शेवटची झडती देऊन बाहेर पडले, आणि चार दिवसांनी तनूला घेऊन आले.

ती आली तेव्हा आठ वर्षांची होती. भांडली नाही, रडली नाही, फक्त पिशवीतले कपडे बाहेर काढेना. फडताळातला एक कप्पा तिला रिकामा करून दिला, तर म्हणाली राहू दे. रोज सकाळी विचारायची, आज ड्युटी आहे? मी म्हणायचे, सोडली गं ड्युटी, आता दिवसभर घरी असते. ती मान हलवायची. मी फॉर्म भरून दिल्यावर राबियाआपांनी हलवली असेल तशी.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, आमच्याच गल्लीच्या टोकाला. पंधरा दिवसांनी बाई म्हणाल्या, मधल्या सुट्टीत तनू डबा न खाता कुठेतरी पळते. झालं! माझ्या डोक्यात नाही नाही ते आलं. कुणी काही देतं का, कुणी बोलावतं का, की पैसे घेऊन दुकानात जाते. दुसऱ्या दिवशी मी दार लोटून घेतलं आणि फटीतून गल्लीवर डोळा ठेवून बसले.

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि तनू पळत आली, आमच्याच दिशेने. काकींच्या पाण्याच्या पिंपाआड थांबली. तिथून तिने आमच्या दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं, मी दिसेना. तिचा चेहरा असा झाला की मी फाटकन दार उघडलं आणि काही झालंच नाही असं दाखवत सुईत दोरा ओवायला लागले. तिने मला पाहिलं. हाक मारली नाही, आत आली नाही. वळली आणि पळत शाळेत गेली.

  तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर तिने कशाला विश्वास ठेवावा? मी फक्त चटई दाराशी आणून टाकली, पिंपाआडून नीट दिसेल अशी. एकदा नेमकं त्याच वेळेला राबियाआपांनी फोन केला, दुकानदार आलाय, ताबडतोब ये म्हणून. मी म्हटलं, मधली सुट्टी झाल्यावर येते. दुकानदार निघून गेला. जाऊ दे. पावसाळाभर तनू रोज येत होती आणि रोज मी तिला तिथे सापडत होते.

तू विचारतेस, गावाची आठवण येते का, घर आता कुठलं वाटतं. अगं, घर म्हणजे माझ्यासाठी ती दाराजवळची दोन हात जागा. लोक नेटवर्किंग म्हणतात ते सगळं मी तेवढ्या जागेसाठी केलं, आणि आजही मीटिंगला जाते ती पर्स मांडीवर धरूनच. तुम्ही येणार असाल तर या, पण पोरांना जे सांगाल ते खरं सांगून या.

गेल्या आठवड्यात एक दिवस घंटा झाली आणि तनू आलीच नाही. मी वाट बघितली. पिंपाआड कुणी नाही. हातातलं दुपटं तसंच टाकून, कुलूप न लावता, मी चपला अडकवल्या आणि शाळेच्या भिंतीपर्यंत धावत गेले. टाचा उंचावून आत पाहिलं. तनू दोन मुलींच्या मध्ये फतकल मारून बसली होती, डबा पुढ्यात, तोंडात घास, आणि काहीतरी जोरजोरात सांगत होती. तिने मला पाहिलं नाही. मी डबा संपेपर्यंत भिंतीआड उभी राहिले आणि मग घरी आले.