मशीन सुरू व्हायच्या आधी

प्रांजलनं सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. दुपार झाली होती, लातूरचं ऊन होतं आणि निलंग्याजवळच्या गावाहून ती आईसोबत एसटीनं आमच्या सेंटरवर आली होती. मी ग्लास पुढे केला. तिनं ग्लासकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"घराबाहेर थेंब घेत न्हाई मॅडम," तिची आई सुरेखाताई म्हणाली. "पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतंय. अन् तिथं ते मशीन असंल म्हणून भेती."

मशीन म्हणजे हात वाळवायचा ड्रायर. भिंतीवरचा पांढरा डबा. खाली ओले हात धरले की आपोआप गरम हवा सोडतो. काही महिन्यांपूर्वी नांदेडला आत्याकडे गेल्यावर ही मंडळी एका मॉलमध्ये गेली होती. तिथल्या लेडीज टॉयलेटमध्ये प्रांजल बेसिनपाशी उभी असताना तो डबा तिच्या कानाशी सुरू झाला. ती किंचाळत बेसिनखाली शिरली. बाहेर काढायला आईला बराच वेळ लागला. तेव्हापासून ती घराबाहेरच्या कुठल्याच टॉयलेटमध्ये पाय ठेवत नव्हती. शाळेतल्यासुद्धा नाही. शाळेत ड्रायर नाही हे तिला दहादा दाखवून झालं होतं. लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होऊ लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, हे असंच चाललं तर किडनीवर जाईल. पोरगी आठ वर्षांची.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. नावावरून लोकांना वाटतं मी नोकऱ्या लावून देते. खरं तर जेवणं, कपडे घालणं, लिहिणं, शाळेत बसणं अशी रोजची कामं ज्या मुलांना अवघड जातात त्यांच्यासाठी वाट शोधणं हे माझं काम. काही मुलांना आवाज आपल्यापेक्षा फार जास्त लागतो. आपल्याला जो नुसता मोठा वाटतो तो त्यांना अंगावर धावून आल्यासारखा वाटतो. हे नाटक नसतं, लाडही नसतात.

अशा वेळची पद्धत ठरलेली आहे. आवाजाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक ऐकवायचं, मूल सहन करेल तसं हळूहळू वाढवायचं. सोबत कानावर इअरमफ द्यायचे. हे हेडफोनसारखे दिसतात, पण त्यातून गाणं येत नाही, बाहेरचा आवाज अडतो. जबरदस्ती मात्र कधीच करायची नाही.

मी इअरमफ दिले. प्रांजलनं घातले आणि लगेच काढून टेबलावर ठेवले. पुढच्या खेपेला तेच. रेकॉर्डिंग लावलं की ती खोलीबाहेर. आमच्या सेंटरच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, पद्धत बरोबर आहे, धीर धरा. मी धीर धरला. पोरगी मात्र पाणी प्यायला तयार नव्हती.

एका खेपेला तिचे वडील बालाजीराव सोबत आले. त्यांची गावात पिठाची गिरणी आहे. ते जरा वैतागूनच बोलले.

"मॅडम, आमची गिरणी दिवसभर चालू असती. ही तिथंच पोत्यावर बसून अभ्यास करती. तिथं माणसाला माणसाचं ऐकू येत न्हाई. मग ह्या एवढ्याशा डब्याला काय भ्यायचं?"

मी प्रांजललाच विचारलं, गिरणीचा आवाज चालतो का? ती म्हणाली, हाव. तिथं बटण मीच दाबते.

मग मी विचारलं, इअरमफ का काढतेस?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की एवढंही कळत नाही का. "ते घातलं की मशीन कवा सुरू होईल ते ऐकू येत न्हाई."

मी पेन खाली ठेवलं. आवाजाच्या मोठेपणाला ती भीत नव्हती. तो कधी येईल ते माहीत नसण्याला भीत होती. आम्ही तिचे कान झाकत होतो आणि ती पहाऱ्यावर होती. झाकल्या कानांनी पहारा कसा करणार?

सगळा बेत बदलला. घरचा हेअर ड्रायर आणला आणि तिच्या हातात दिला. चालू करणार ती, बंद करणार ती. मी फक्त बसणार. पहिल्या दिवशी तिनं बटण दाबलं आणि तत्क्षणी बंद केलं. काही आठवड्यांनी ती त्याच्याशी खेळू लागली. मग मोबाइलवरचं त्या भिंतीवरच्या ड्रायरचं रेकॉर्डिंग. तेही तिनंच लावायचं, तिनंच थांबवायचं. ऐकता ऐकता ती एकदा बारीक आवाजात गुणगुणली. मी लक्ष दिलं नाही. पुष्कळ मुलं गुणगुणतात.

आता खऱ्या जागी जायला हवं होतं. नांदेडच्या मॉलच्या मॅनेजरला फोन केला. त्यांना वाटलं मी तक्रार करते आहे. सगळं समजावल्यावर म्हणाले, "गिऱ्हाईक असताना मशीन बंद ठेवता येत नाही मॅडम. पण उघडायच्या आधी या. तेव्हा टॉयलेट तुमचंच."

आम्ही गेलो. सफाई करणाऱ्या मावशी फरशी पुसत होत्या. भिंतीवर दोन ड्रायर होते, खाली त्यांची बटणं. मॅनेजरनी दोन्ही बंद करून ठेवली होती. प्रांजल दारातच थांबली. आईचा हात घट्ट. बऱ्याच वेळानं ती आत आली, बटण पाहिलं, स्वतः चालू केलं आणि मागे सरकली. मग मला म्हणाली, मी सांगीन तेव्हा त्याच्याखाली हात धरा.

मी ड्रायरजवळ उभी राहिले. ती डोळे मिटून गुणगुणायला लागली. खालच्या सुरात. मग म्हणाली, "आता."

मी ड्रायरखाली हात धरला. तो घरघरला, चढला, आणि ती त्याच्याबरोबर चढली. जिथं तो टेकला तिथं ती टेकली. तोच सूर. मी हात काढला, तो उतरू लागला, तशी तीही उतरली आणि दोघं एकदम थांबले. मावशी पोछा धरून तशाच उभ्या. सुरेखाताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे मी शिकवलेलं नव्हतं. कुणीच शिकवलेलं नव्हतं. ज्या आवाजानं तिला बेसिनखाली घातलं होतं, त्याची चाल तिनं आतल्या आत पाठ केली होती.

मग तिनं दुसऱ्या ड्रायरचंही बटण चालू केलं, मी त्याखाली हात धरला. ऐकून ती म्हणाली, "तो येगळा बोलतो." आणि त्याच्यासाठी तिनं वेगळा सूर लावला. तोही लागला.

इतकं झाल्यावर आम्ही निघणार होतो. पण तेवढ्यात तिला लघवीला जायची घाई झाली. ती आत गेली, कडी लावली. मॉल एव्हाना उघडला होता. एक बाई आल्या, हात धुतले आणि आम्ही काही म्हणायच्या आत ड्रायरखाली धरले.

ड्रायर पूर्ण जोरात सुरू झाला. सुरेखाताईनं बंद दारावर हात ठेवला. आतून काहीच नाही. ओरडली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, किंवा कधीच नाही.

मग आतून आवाज आला. आधी थरथरता, सुरात नसलेला. मग तो वर सरकला आणि ड्रायरला जाऊन भिडला. फरशी लावलेल्या त्या खोलीत दोन्ही आवाज असे मिसळले की कुठला पोरीचा आणि कुठला मशीनचा ते कळेना. त्या बाई हात तसेच धरून आजूबाजूला बघत राहिल्या. हात कधीचे वाळले असतील, पण त्या हलेनात. शेवटी त्यांनी हात काढले. आतला सूर ड्रायरबरोबर उतरला. फ्लशचा आवाज झाला आणि प्रांजल बाहेर आली. चेहरा पांढरा पडला होता.

"मला म्हाईत नव्हतं कवा सुरू होईल," ती आईला म्हणाली. "पण नंतर धरलं मी त्याला."

परतीच्या एसटीत तिनं अख्खी बाटली संपवली. अहमदपूरच्या स्टँडवर तिला जावं लागलं आणि ती गेली. त्यानंतर इन्फेक्शन झालेलं नाही. शाळेतही ती पाणी पिते. अनोळखी जागी गेली की आधी भिंती बघते, डबा दिसला तर बटण शोधते, आणि आत बसून बारीक गुणगुणते. मैत्रिणींना वाटतं तिला गाण्याचा नाद आहे. असेलही.

सेंटरच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ही कुठली टेक्निक? मी म्हटलं, पेशंटची.

ड्रायरखाली हात मात्र ती आजही धरत नाही. फ्रॉकला पुसते. मी तो मुद्दा थेरपीत घेतलेला नाही. फ्रॉकला पुसले तरी हात वाळतात.