हाराखालची तार

जयसिंगरावांनी तारेला शेवटचा पीळ दिला, झेंडूचा हार बोटभर वर सरकवला, मागे येऊन मान तिरकी केली आणि स्वतःवरच खूश होऊन म्हणाले, "आत्ता कसं!" नेमकी तेव्हाच फायर स्टेशनची घंटा वाजली.

मग जे झालं ते बघायला डोळे पुरेनात. फोटोसाठी आरशासमोर भांग पाडत बसलेला शिवकुमार कंगवा टाकून धावला. त्याच्यामागे त्याची माणसं. कोणी बूट चढवतोय, कोणी हेल्मेट डोक्यावर आपटतोय, आणि जाता जाता जो तो गाडीवरचे हार ओरबाडून फेकतोय. सकाळपासून इतक्या प्रेमाने सजवलेली गाडी मिनिटाच्या आत नागडी झाली आणि सायरन बोंबलत फाटकाबाहेर पडली. जयसिंगरावांनी सवयीने दोनचार फोटोही मारले. कॅमेरा खाली केला, अंगणात पसरलेली फुलं पाहिली, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. हार निघाले होते. तार निघाली नव्हती.

आता हे जयसिंगराव कोण, आणि आग विझवायच्या गाडीला हार घालायला ती काय नवरी होती, असं कोणीही विचारेल. तर गृहस्थ कन्नड मुलखातल्या बसवनगुडीतले. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आमची माणसं इकडे आली, हे ते ओळख झाल्याझाल्या सांगतात, नाही विचारलं तरी सांगतात. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. वडिलांच्या वेळेपासून फोटो स्टुडिओ. अर्ध्या बसवनगुडीची लग्नं त्यांनी काढलीत आणि त्यांच्या कुठल्याही फोटोत रिकामी भिंत सापडणार नाही. रिकामी जागा दिसली की या माणसाच्या हाताला खाज सुटते. तिथे हार हवा, नाहीतर केळीचं पान, गेलाबाजार कोणाची तरी मावशी. मंडपवाला कुरकुरला, भटजी वैतागले, नवरदेव घामाघूम झाला, तरी जयसिंगरावांचं एकच: "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." थोडं सांभाळून घ्या. या तीन शब्दांवर त्यांनी आख्खी हयात रेटून नेली, आणि लोकांनीही नेऊ दिली, कारण फोटो खरंच छान यायचे.

भरतीच्या जाहिरातीचं काम त्यांच्याकडे आलं ते प्रांजलीमुळे. ही पुण्याची मुलगी, जाहिरातीच्या कंपनीत कामाला. मैत्रिणीच्या लग्नातले त्यांचे फोटो तिला आवडले होते. शहराच्या अग्निशमन खात्याला तरुण पोरं हवी होती, आणि पोस्टर बघून पोरांना वाटायला हवं की आपणही जावं. "काका, एकदम रिअल हवंय हं," तिने बजावलं होतं. "नो सजावट, प्लीज."

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, असं म्हणून जयसिंगराव सकाळी गांधी बाजारातून दोन टोपल्या झेंडू घेऊन इलेक्ट्रॉनिक सिटीकडच्या त्या स्टेशनात हजर! प्रांजलीने कपाळावर हात मारला. शिवकुमार मात्र हसला. तो तिथल्या तुकडीचा म्होरक्या, निपाणीकडचा. पोस्टरवर त्याचाच चेहरा यायचा होता. मराठी बोलणारा माणूस भेटला म्हणून तो सकाळपासून जयसिंगरावांच्या मराठीची टर उडवत होता.

"अरे, आयुधपूजेला तुम्हीच घालता की हार गाडीला," जयसिंगरावांनी वाद घातला.

"घालतो काका. पण बंपरला. शटरला न्हाई." शिवकुमारने गाडीच्या डाव्या अंगाच्या पत्र्याच्या शटरवर थाप मारली. "ह्याच्या मागं हवेचे सिलिंडर असत्यात. धुरात शिरायचं तर ते पाठीवर पायजेत. पुढं बांधा, मागं बांधा, हितं हात लावायचा न्हाई."

"सरी," म्हणाले जयसिंगराव. आणि शिवकुमार भांग पाडायला वळला तशी त्यांना ती जागा दिसली. लांबरुंद, चंदेरी, रिकामी. किती वेळ दम धरणार? एक हार तिथे लावला, तो सैल पडला. मग शटरच्या दांडीतून तार ओवून खालच्या पायरीला करकचून आवळली, वर आंब्याची पानं सारखी केली. फोटो झाला की सोडू, त्यात काय एवढं.

आणि आता ती गाडी मुलींच्या एका पीजी वसतिगृहाकडे निघाली होती. मीटरच्या खोलीत आग, जिन्यात धूर आणि वरच्या मजल्यावर नोकरीवाल्या मुली अडकलेल्या.

खोटं कशाला सांगायचं, जयसिंगरावांच्या मनात आधी आलं ते हेच की, बोलू नये. तारच ती, धटिंगण गडी आहेत, एका झटक्यात तोडतील. कशाला बोभाटा करायचा? सांभाळून घेतील स्वल्प. इथवर मनाने समजूत काढली आणि मग त्यांना स्वतःच्या हाताने घातलेला तो पीळ आठवला. लग्नाचे मंडप वाऱ्यात उभे राहावेत म्हणून घालतात तसला पीळ. हाताने काय सुटतोय तो!

ते पळत सुटले. या वयात, गळ्यात कॅमेरा आपटतोय, चप्पल एक इकडे एक तिकडे, असे ते वायरलेसच्या खोलीत घुसले. तिथे दयानंद ड्यूटीवर होता.

"एन आयितु, सार?" काय झालं म्हणून तो उठूनच उभा राहिला.

"डावं शटर! मी तार बांधली आहे. मी बांधली, मी! त्यांना सांग, उघडणार नाही ते!" हे सगळं त्यांनी मराठीतच ओरडून सांगितलं, मग भानावर येऊन कन्नडमध्ये सांगितलं.

दयानंदने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. पण त्याने वेळ घालवला नाही. वायरलेस उचलून गाडीला निरोप दिला: डाव्या शटरला तार आहे, कटर हातात ठेवा. पुन्हा दिला, तिसऱ्यांदा दिला. पलीकडून नुसती खरखर आणि सायरन.

"ऐकलं का त्यांनी?"

"गोत्तिल्ला," दयानंद म्हणाला. माहीत नाही.

जयसिंगराव बाहेर ओट्यावर येऊन बसले. प्रांजली धावत आली. काय झालंय ते तिने ऐकलं होतं, आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी सांगितलं होतं ना काका," एवढंच म्हणाली आणि शेजारी बसली. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. सकाळपासून ज्या पोराला "अरे, हनुवटी वर, खांदे मागे" करून छळलं, तो आता धुराच्या तोंडाशी उभा असेल आणि शटर ओढत असेल. वर मुली खिडकीतून हाका मारत असतील. कोणाच्या तरी पोरी. मनात काय काय येत होतं ते सांगण्यासारखं नाही. मध्येच फोन वाजला. सोयराबाई, त्यांची बायको.

"जेवायला येणार की तिकडंच गिळणार? अवरेकाळूची उसळ केली आहे."

"आत्ता नको बोलू," ते म्हणाले आणि फोन ठेवला. लग्नानंतर इतक्या वर्षांत अवरेकाळूला, म्हणजे पावट्याला, त्यांनी असं उत्तर कधी दिलं नव्हतं. सोयराबाईंनी लगेच परत फोन केला. त्यांनी तो उचललाच नाही.

ऊन ओट्यावर चढलं. अंगणातला झेंडू सुकायला लागला. फाटकाशी नुसतं ट्रकचं जरी इंजिन घुरघुरलं तरी ते उठून उभे राहत आणि पुन्हा बसत. जीव नुसता टांगणीला लागलेला.

आणि मग गाडी आली. सायरन नाही, काही नाही, सावकाश. आधी जयसिंगरावांनी डोकी पाहिली. सगळी होती. मग शटर पाहिलं. ते सताड उघडं होतं.

शिवकुमार खाली उतरला. तोंड काळंठिक्कर, भांगाचा पत्ता नाही. तो सरळ ओट्यापाशी आला.

"मुली?" जयसिंगरावांनी विचारलं.

"सगळ्या खाली आल्या. खोकत्यात जरा, पण धडधाकट हायत. एकीनं तर मांजर पण आणलं काखेत."

जयसिंगरावांनी तोंड झाकून घेतलं आणि हा एवढा मोठा, शहाजीराजांच्या फौजेतला माणूस हमसून हमसून रडायला लागला. जीव भांड्यात पडला की असा आवाज होतो, हे प्रांजलीला त्या दिवशी कळलं. तीही रडत होती, पण हसतही होती.

शिवकुमारने त्यांना रडू दिलं. मग खिशातून वेडीवाकडी तार काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"निरोप मिळाला वाटेत. पोचायच्या आधीच कटर हातात घेतला होता, म्हणून उतरल्या उतरल्या तोडली. निरोप आला नसता तर ती कुठनं अडकलीय हेच कळलं नसतं, पानात झाकली होती तुम्ही." इथे त्याचा आवाज चढला. "काका, तुमच्या वयाकडं बघून गप बसतो. परत शटरला हात लावला तर ह्याच हारानं तुम्हाला खांबाला बांधीन!"

"बांध," जयसिंगराव नाक पुसत म्हणाले. "आत्ता बांध."

त्यावर मात्र शिवकुमारला हसू आवरेना. पाणी प्यायला तो गाडीच्या पायरीवर टेकला. मागे शटर तसंच उघडं, आतले सिलिंडर दिसताहेत, आणि फटीत झेंडूचं एक फूल चेंगरून राहिलेलं. जयसिंगरावांनी ते फूल पाहिलं, हात तिकडे जायला निघाला, आणि त्यांनी तो कॅमेऱ्यावर ठेवला. "हनुवटी वर" म्हणाले नाहीत. तोच फोटो पोस्टरवर लागला. पण त्याआधी त्यांनी घरी फोन केला आणि म्हणाले, "अगो, भात टाक. मी येतोय."

परवा जयनगरच्या एका कल्याण मंटपात लग्न होतं. सजावटवाल्याने मागच्या दारावर मोगऱ्याचा पडदा सोडून तो कडीला तारेने आवळला होता. दिसत होता झकास, भिंत भरून. जयसिंगरावांनी कॅमेऱ्याच्या पिशवीतून पक्कड काढली.

मुलीचे वडील धावत आले. "अहो राव, मुहूर्त जवळ आला! आता राहू द्या तसंच, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!"

"आगल्ल, अण्णा," जयसिंगराव म्हणाले. जमणार नाही. त्यांनी तार कापली, कडी काढली, दार ढकलून पुरतं उघडतंय ना हे पाहिलं, आणि मग फोटो काढायला गेले.