मल्लय्यामामांचं अपील

संध्याकाळी वीज गेली की मल्लय्यामामांशी चाललेलं बोलणं अर्ध्यावर थांबायचं. मग ते कंदील पेटवून आणत, माझ्या तोंडासमोर धरत आणि म्हणत, "हां, आता बोला गुरुजी. वरडू नका की. नुसतं तोंड दाखवा." त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायला आलो तेव्हा मला हे विचित्र वाटायचं. शाळेत दिवसभर ओरडायची सवय, त्यामुळे त्यांच्याशीही मी घसा ताणून बोलायचो आणि ते हसत हसत स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून मला गप्प करायचे.

मामा मिलमध्ये कापड विणायच्या खात्यात होते. तिथल्या मागांच्या आवाजात शेजाऱ्याची हाकसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून गप्पा मारतात. भांडतातसुद्धा. मामा यात तरबेज. एक दिवस चालू मागातून आडवा धागा नेणारा लाकडी धोटा उडाला आणि त्यांच्या कानशिलावर बसला. इस्पितळातून घरी आले ते दोन्ही कान कायमचे गमावून. मिलनं सांगितलं, बहिरा माणूस मागावर चालणार नाही. विम्याच्या मेडिकल बोर्डानं सांगितलं, या माणसाला ऐकू येतं, अपंगाचा भत्ता मिळणार नाही. का, तर डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, मुलं किती ते विचारलं आणि मामांनी त्यांच्या ओठांकडे बघून सगळ्याची चोख उत्तरं दिली होती. एकानं बहिरा म्हणून घरी बसवलं, दुसऱ्यानं कान शाबूत म्हणून उपाशी ठेवलं. मला आजही त्याचा संताप येतो.

घर चालायचं ते त्यांच्या बायकोच्या, पोशम्माच्या विड्यांवर. तंबाखूनं तिला दमा जडला होता. विड्या वळता वळता ती खोकत राहायची. मामांना तो खोकला ऐकू यायचा नाही, पण तिची पाठ हलताना दिसायची. "भत्ता चालू झाला की पयलं हिचं विड्याचं सूप फेकून देतो बघा," असं ते मला सारखं सांगत.

अपील मी लिहिलं. तारखेच्या आदल्या दिवशी त्यांना समोर बसवून बजावलं, "मामा, डॉक्टरांच्या तोंडाकडं अजिबात बघायचं नाही. मान खाली ठेवायची." त्यांना ते मुळीच पटेना. "खाली मान घालून चोर बसतंय, गुरुजी. मी काय चोरी केलोय?" शेवटी पोशम्मानं हात जोडले तेव्हा कसेबसे कबूल झाले.

सात रस्ता चौकाजवळच्या एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर सुनावणी होती. पायाखाली लाकडी फळ्यांची जमीन. मामा देवळात आणि डॉक्टरांकडे कधी चपला घालून जात नसत. इथंही त्या दाराबाहेर काढल्या, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि आत गेले. मी आणि पोशम्मा दारात उभे. मोठ्या डॉक्टरांनी प्रश्न विचारले. मामांची मान खाली. पाठीमागून टाळ्या वाजवल्या, टेबलावरची घंटा वाजवली, मामा ढिम्म. पोशम्मा तोंडाला पदर लावून देवाचं नाव घेत होती. मग डॉक्टरांनी एक जाडजूड पुस्तक उचललं, मामांच्या मागे गेले आणि ते हातातून सोडून दिलं.

फळ्या हादरल्या आणि मामा गर्रकन मागे वळले. खात्यात पायाखाली वेगळा धक्का बसला की कुठला तरी माग बिघडला, आधी तिकडं धावायचं, ही त्यांची उभ्या जन्माची सवय. "काय पडलं हो सायेब?" असं त्यांनी विचारलंसुद्धा.

मी आत घुसलो. "साहेब, ते त्यांना पायाला कळलं!"

डॉक्टर काही दुष्ट नव्हते. दमलेले होते आणि बाहेर बाक भरलेले होते. "गुरुजी, पायानं ऐकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही," ते म्हणाले आणि अपील फेटाळून मोकळे झाले.

जिना उतरताना मामा पुन्हा पुन्हा विचारत होते, "मी कुटं चुकलो?" मी सांगितलं. ते पायरीवरच थांबले. "खात्यात पाय झोपले तर कुणाचा तर हात जातंय, गुरुजी. सवय कशी सोडू?" घरी आल्यावर पोशम्मा लुगडंही न बदलता विड्यांना बसली.

पुढं मामा हातगाडीवरून चादरींचे गठ्ठे पोचवू लागले. एका दुपारी अक्कलकोट रस्त्यावर ट्रकनं त्यांना मागून उडवलं. जागीच गेले. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता असं बघणारे सगळेच सांगत होते, आणि ते खरंही असेल. चौकीत हवालदारानं आम्हाला अहवाल वाचून दाखवला. मयत इसम दोन्ही कानांनी पूर्ण बहिरा असल्याने त्यास हॉर्न ऐकू आला नाही, सबब चालकाचा दोष दिसून येत नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोशम्मा मात्र नीट ऐकत होती. "परत वाचा की," ती म्हणाली. हवालदारानं परत वाचलं. तिनं अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत आशा दिसत होती.

"गुरुजी, सरकारच लिवलंय की आता, बहिरं व्हते म्हणून. ह्यो कागद घेऊन तिकडं जाऊ या का? आता तरी देतील न्हवं?"

भत्ता जिवंत माणसालाच मिळतो, हे मला ठाऊक होतं. मी हवालदाराकडे त्या कागदाची नक्कल मागितली.